आम्हाला मार्गदर्शक हवा आहे

आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलं की काम होतंच असं नाही, पण किस्सा नक्की होतो. दिवाळीपासून आम्ही तिघींनी इतक्या चकरा मारल्यात की किस्से आता एकमेकांच्या अंगावर पडायला लागलेत. चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "तो सभामंडपाचा सांग ना." मी सांगते, सगळे हसतात, मीही हसते. फक्त जानकी समोर असली की मी किस्सा अर्ध्यातच आटोपते. कारण मुदत तिची चाललीये.

मी शेलूची, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमधली. सना खोपोलीच्या शिळफाट्यावरची, तिच्या अब्बांचं टाइल्सचं दुकान आहे. जानकी पोशीरच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या ठाकूरवाडीची. तिघी मराठीत पीएचडी करतोय. जानकीचा विषय तिच्या वाडीची बोली. तिचे सर रिटायर झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. माझ्या आणि सनाच्या गाइड मॅडमना आणखी विद्यार्थी घ्यायला परवानगी नाही. सत्र संपायच्या आत नवा गाइड मिळाला नाही, तर जानकीची नोंदणी रद्द. सगळं काम पाण्यात.

विद्यापीठाला विचारलं, तर भरती शासनाच्या हातात. शासन कुठे भेटतं? आमच्या माहितीतलं शासन शिळफाट्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आमदारांच्या संपर्क कार्यालयात भेटतं.

* * *

पहिलं निवेदन मी लिहिलं. सनाने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि जिथे जिथे 'गाइड' होतं तिथे 'मार्गदर्शक' केलं. "मराठीच्या मुली आहोत गं, लाज काढू नका," म्हणाली.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने एक गुलाबाचा बुकेही घेतला. साहेबांनी निवेदन आणि बुके दोन्ही एकदम हातात घेतले, कॅमेऱ्याकडे पाहिलं, फोटो झाला. निवेदन पीए सुर्वेंकडे गेलं.

संध्याकाळी सुर्वेंच्या स्टेटसला आम्ही तिघी झळकलो. खाली लिहिलं होतं, 'साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना युवती आघाडी'.

मी फोन करून भांडले. सुर्वे शांतपणे म्हणाले, "ताई, आज वाढदिवस होता ना साहेबांचा. मग दुसरं काय लिवणार?"

* * *

दुसऱ्या वेळी साहेबांनी जानकीला विचारलं, "तू कुठली गं?"

तिने वाडीचं नाव सांगितलं. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. वाडीला रस्ता कुठून येतो, पाण्याची टाकी कुठे आहे, सगळं त्यांना पाठ होतं. जानकी मार्गदर्शकाच्या विषयावर येईपर्यंत त्यांनी सुर्वेंना सांगून टाकलं, "यांच्या वाडीला सभामंडप घे."

मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, सभामंडप नको, प्राध्यापकभरतीचं बघा. साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी वाढलेलं ताट सरकवलं.

जिना उतरताना जानकी म्हणाली, "तू कशाला नको म्हणालीस? वाडीला हवा होता सभामंडप."

* * *

जानकी बोलीवाली. तिचे कान माणूस काय म्हणतो याच्याआधी कसं म्हणतो ते ऐकतात. तिने ऑफिसातल्या वेटिंगच्या बाकावर बसून साहेबांच्या क्रियापदांचं व्याकरण बसवलं. 'करतो' म्हणजे करतील कदाचित. 'बोलतो' म्हणजे सुर्वेंना बोलतील. 'लावतो फोन' म्हणजे समोरचा उचलणार नाही.

"आणि 'बघतो'?" सनाने विचारलं.

"त्याला काळच नाही," जानकी म्हणाली. "ते भूतकाळातही नाही, भविष्यातही नाही."

आम्ही इतक्या हसलो की सुर्वेंनी वळून पाहिलं. तेवढ्यात जानकीचा फोन वाजला. तिची आई. फोनवरचा आवाज आम्हाला शेजारी बसून ऐकू येत होता.

"तुजा सर गावला का गं?"

"नाय अजून, आये."



* * *

मग सुर्वे म्हणाले, साहेब अधिवेशनात तुमचा विषय मांडणार. आम्ही सनाच्या अब्बांच्या दुकानात मोबाईल टाइलच्या खोक्याला टेकवून बसलो. अब्बांनी एका गिऱ्हाइकाला चक्क "दहा मिनिटांनी या" सांगितलं.

साहेब उठले. जानकीने माझं मनगट धरलं. साहेब बोलले, तळमळीने बोलले, समोरच्या बाकावरून कोणीतरी हरकत घेतली तर त्यालाही ऐकवलं. विषय होता हायवेवरचा सिग्नल.

अब्बांनी मोबाईल उचलून बंद केला. म्हणाले, "सिग्नलची गरज हाय, बेटा. ते काय खोटं नाय." आणि सगळ्यांना चहा सांगितला.

जानकीच्या नखांचे ठसे माझ्या मनगटावर घरी जाईपर्यंत होते.

* * *

सत्र संपायला आलं. मी झोपेतसुद्धा निवेदनं लिहीत होते. आणि एका दुपारी सुर्वेंचा फोन आला. "ताई, काम झालं. साहेबांनी मार्गदर्शकाची सोय केली. शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये या, जानकीताईंना घेऊन या."

मी दोनदा विचारलं, मार्गदर्शक नक्की ना? "नक्की म्हणजे काय, बॅनर छापलाय," ते म्हणाले. बॅनर कशाला, हे विचारायचं मला सुचलंच नाही. जानकी नवी साडी नेसून आली. पहिलं प्रकरण प्रिंट काढून, लाल दोरी बांधून आणलं. नव्या सरांना लगेच दाखवायला.

हॉलच्या दारात बॅनर होता. 'पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन. प्रमुख मार्गदर्शक : मा. आमदार साहेब'.

सनाने निवेदनात स्वतःच घातलेला तो शब्द वाचला आणि तोंडावर हात ठेवला.

साहेब तासभर बोलले. तरुणांनी नोकरीच्या मागे लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मी जानकीकडे बघूच शकत नव्हते. मग सूत्रसंचालकांनी जाहीर केलं, आभारप्रदर्शन कुमारी जानकी करतील.

ती उठली. माइक खाली ओढून घेतला. 

"आमच्या विभागात मार्गदर्शकाची जागा रिकामी आहे. ती भरत नाही म्हणून माझी नोंदणी रद्द होणार होती. आज साहेब स्वतः माझे मार्गदर्शक झाले, त्याबद्दल आभार. साहेब, हे माझं पहिलं प्रकरण. तुमी वाचून चुका काढा. मी सोमवारी येते."

तिने लाल दोरीचा गठ्ठा पुढे केला. पुढच्या रांगेत प्राचार्य, पत्रकार, सगळे. 

साहेब उठले. गठ्ठा दोन्ही हातांनी धरला आणि सवयीने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग खाली बघून पहिलं पान उलटलं. दुसरंही उलटलं. माइक अजून चालूच होता.

"बघतो," साहेब म्हणाले.