हेमंतला कोट घालू नका

हेमंत गेला आणि त्याच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मी माझाच फोटो छापून आणला.

मुद्दाम नाही हो. आम्ही दोघं एका लग्नात शेजारी बसून जेवतोय, असा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तो मी फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि घाईघाईत कळवलं, 'डावीकडचा घे.' डावीकडे मी होतो. दुपारपर्यंत डहाणू रोड स्टेशनसमोर फ्लेक्स लागलासुद्धा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हेमंतचं नाव आणि मध्ये जिलेबी तोंडात कोंबणारा मी. मला रस्ता ओलांडताना पाहून फरसाणवाल्या कांताबेननी हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, तमे तो जीवता छो!" मी जिवंत असल्याचा त्यात आनंद होता की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

पण सगळा दोष माझ्या माथी मारू नका. ज्याने डहाणू-तलासरीतली निम्मी लग्नं, बारशी आणि झाडून सगळे पासपोर्ट फोटो काढले, त्या माणसाचा स्वतःचा एकट्याचा असा एकही फोटो नव्हता. मीनलवहिनी, म्हणजे त्याची बायको, फ्लेक्स पाहून रडता रडता हसल्या. मग पदराने डोळे पुसून मला म्हणाल्या, "भाऊजी, आता चूक केलीच आहे तर काम पण तुम्हीच करा. स्टुडिओच्या भिंतीवर लावायला यांचा एक फोटो शोधा. आधारकार्डावरचा नको. आणि कोट घालायचा नाही, हे त्यांनीच बजावून ठेवलंय." त्याच्या स्टुडिओला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ, की तो आत 'मान जरा वर' म्हणाला की इकडे माझं गिऱ्हाईक मान वर करायचं. त्यामुळे ते काम माझ्याकडे येणं भागच होतं.

आता हे कोटाचं प्रकरण सांगतो. आमच्याकडच्या पाड्यांवर माणूस गेला की घरचे आधारकार्ड घेऊन डहाणूला यायचे आणि हेमंत त्यावरून भिंतीवर लावायचा मोठा फोटो करून द्यायचा. कार्डावरचा चेहरा धुरकट, मागे कुठलीतरी चादर... मग हेमंत कॉम्प्युटरवर नुसता चेहरा कापायचा आणि त्याला तयार कोट-टाय चढवायचा. मागे निळं आभाळ. कोट एकच होता, करड्या रंगाचा. आमच्या तालुक्यातली किती माणसं मेल्यावर एकाच कोटात वावरतायत, याचा हिशोब नाही. धंदा उत्तम चालला होता आणि ती युक्ती मी त्याला सुचवली होती, हे मी तेव्हा सगळ्यांना अभिमानाने सांगायचो.

एक दिवस तलासरीकडच्या पाड्यावरून बायजीआजी आली. नवऱ्याचा फोटो न्यायला. हेमंतने फ्रेम कापडाने पुसून तिच्या हातात दिली. तिने ती जवळून पाहिली, लांब धरून पाहिली आणि मग तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसायला लागली. "ह्यो कुनचा साहेब? माजा म्हातारा तं उगडाच फिरं!" मी शेजारून धावत आलो आणि कोट किती शोभून दिसतोय, ते तिला समजवायला लागलो. आजीने फ्रेम माझ्याच हातात दिली. "मंग तूच लाव तुज्या घरी."

दुसऱ्या दिवशी हेमंतने कॉम्प्युटरमधून तो करडा कोट काढून टाकला. मी म्हटलं, "अरे, धंदा आहे तो." तर म्हणाला, "धंदाच तर करत आलो आजवर. एक तरी फोटो असा निघायला हवा, की घरच्यांनी म्हणावं, हाच तो." पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, स्टुडिओ तीस-एक वर्षांचा, आणि मला म्हणतो, फोटो कसा काढतात ते मला शिकायचंय.

सुरुवात वाईट झाली, कारण सल्लागार मी होतो. मी सांगितलं, कलात्मक काढ. म्हणजे सूर्यास्त, होडी आणि विचारात बुडालेला मच्छीमार. मच्छीमार म्हणून मीच उभा राहिलो. चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, त्यांच्या पुढ्यात मी डोक्यावर टोपली घेऊन क्षितिजाकडे बघत होतो. दोन पावलं मागे सरकलो आणि चिखलात बसलो. बोंबील उलटसुलट करणारी एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "ए फोटोवाल्या, हे सोंग कुठून धरून आणलंस? फोटो काढायचाय तर माझा काढ की! पण पाठमोरी हां. आज गजरा नवा हाय." आणि खरंच पाठ करून उभी राहिली. हेमंतने तो फोटो काढला. परत येताना मी मोटारसायकलवर मागे चिखल सांडत बसलो होतो आणि तो पुढून मोठ्याने बोलत होता, "कळलं का तुला? आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, असे बसा, तसे बघा, हसा. कसा हवाय, हे एकदा तरी विचारलं का कुणाला?"

तेव्हापासून स्टुडिओ बंद असायचा त्या दिवशी तो कॅमेरा घेऊन निघायचा. रानशेत, चिखले, तलासरीच्या वरचे पाडे. एकच प्रश्न, "कसा हवा?" आणि मग लोक सांगतील तसं. एकाला ताडाच्या शेंड्यावर चढलेला हवा होता, एकीला भात झोडताना. एक म्हातारबाबा म्हणाले, बैलाचा चेहरा आणि माझा चेहरा एकसारखा मोठा आला पाहिजे. बायजीआजीकडे तर तो मुद्दाम गेला. ती उंबऱ्यावर एका कडेला बसली आणि शेजारी हात ठेवून म्हणाली, "हितं तो बसं. तेवडी जागा सोड." हेमंतने सोडली. तो फोटो मी पाहिला तेव्हा मला चक्क तो उघडा म्हातारा दिसला. मी, ज्याने त्याला कधी पाहिलंही नव्हतं... आणि मीच त्याला कोट घालून पाठवायला निघालो होतो.

या फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलं, तलासरीच्या आठवड्याच्या बाजारात. दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी. हेमंत आदल्या दिवसापासून जेवला नव्हता. "लोक पुन्हा हसले तर?" एवढंच विचारत होता. उद्घाटन माझ्याकडे. मी मुंबईच्या एका कलासमीक्षकांना बोलावलं आणि वेळ दिली चारची. बाजार दुपारीच आटोपतो, जीपा भरून पाड्यांकडे निघतात, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीही चार.

सकाळी बायजीआजी आली. दोरीपाशी थांबली. हेमंतचा चेहरा पांढरा पडलेला. आजीने उंबऱ्यावरच्या त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, "हां. ह्यो माजा म्हातारा." मग चिमटा काढला, फोटो पदराखाली घेतला आणि चालायला लागली. मी ओरडलो, "आजी, प्रदर्शन आहे ते!" हेमंतने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग काय विचारता! ताडावरचा गडी आला, बैलवाले बाबा आले, ज्याचा त्याने ओळखला, काढला आणि नेला. हेमंत नुसता हसत होता, डोळ्यांतून पाणी काढून हसत होता. बाजार उठला तेव्हा दोऱ्यांवर फक्त चिमटे होते.

चार वाजता समीक्षक आले. बराच वेळ चिमटे निरखून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "हे... मांडणीशिल्प आहे का?" मी हो म्हणालो. हेमंत म्हणाला, "प्रदर्शन घरोघर गेलंय साहेब. चला, दाखवतो." आणि त्यांना जीपमध्ये घालून घेऊन गेला. ते गृहस्थ नागलीची भाकर खाऊन अंधार पडताना परतले आणि निघताना हेमंतचे दोन्ही हात धरून उभे राहिले.

जीपमध्ये चढण्याआधी हेमंतने कॅमेरा माझ्या गळ्यात घातला होता. "आता माझा काढ." मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कसा हवा?" "असाच. मागे दोऱ्या दिसू देत." मी बटण दाबलं. त्याने पडद्यावर पाहिलं, पोट धरून हसला आणि म्हणाला, "पुसू नकोस हा."

गेले काही आठवडे मी सगळीकडे शोधलं, पण हा मी फोटो म्हणून मोजलाच नव्हता. कारण डाव्या बाजूला भिंगावर आलेलं माझं जाडजूड बोट आहे. शेवटी त्याचाच कॅमेरा उघडून तो छापला आणि वहिनींकडे नेला. रिकाम्या दोऱ्या, घामेजलेला शर्ट, आणि जग जिंकल्यासारखा हसणारा हेमंत. "हेच ते," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, "बोट कॉम्प्युटरवर पुसून देतो." त्यांनी मान हलवली. "कोट घालणं झालं, आता बोट पुसणं का? राहू दे आहे तसा."

आता तो स्टुडिओच्या भिंतीवर आहे, जिथे पूर्वी नमुन्याचे कोटवाले लागायचे तिथे. खिळा मीच ठोकला, तिसऱ्यांदा सरळ बसला. वहिनी लांब उभ्या राहून एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"फ्लेक्सवर अख्खे घुसला होतात भाऊजी, इथे बोटावर भागवलंत. सुधारताय."