लिंगूच्या विमानांचे रंग

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत सिद्रामप्पा गार्ड ड्युटीवरून आले की अख्ख्या ओळीला कळायचं. जन्म गेला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. पार पुढच्या इंजिनापर्यंत आवाज पोचवायची सवय घरातही सुटत नव्हती. बायकोला "चन्नबसम्माऽ, पाणी!" म्हणाले की शेजारच्या बायनाबाईच आधी उठायच्या. हाक मारताना नावाचं शेपूट ते शिट्टीसारखं लांबवत. लेकीला "सिद्धम्माऽऽ", लेकाला "लिंगराऽऽज". दोनच लेकरं. सिद्धम्मा थोरली, दहावी करून घरी बसलेली. लिंगराज तिच्या पाठचा, सगळ्यांचा लिंगू.

लिंगूला विमानाचं याड होतं. पूर्णेच्या आभाळातून विमान जायचं ते करंगळीएवढं, तेही कधीमधी. पण आवाज आला की हा हातातली भाकरी टाकून अंगणात. एकदा आप्पा, म्हणजे सिद्रामप्पा, रेल्वेच्या पासावर सिकंदराबादला बहिणीकडे गेले आणि येताना खेळण्यांच्या दुकानातून एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आले. वर लढाऊ विमानाचं चित्र, शेपटीतून जाळ निघतोय. उघडलं तर आत विमानच नाही. राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले तुकडे. अर्धा पंख, शेपटीचं टोक, नखाएवढं चाक.

"आरं, मोडकं दिलं की भामट्यानं!" आप्पा गरजले.

"मोडकं न्हाई आप्पा, जोडायचं हाय ते," लिंगू म्हणाला. त्याला बोलायलाही सवड नव्हती. डोळे आधीच तुकड्यांवर.

लिंगूचा हात मात्र सोन्याचा. पात्यानं तुकडा असा सोडवायचा की कड फुटायची नाही. उरलेला कंगोरा पॉलिशकागदानं घासायचा, डिंकासारखं ते सोल्यूशन आगकाडीच्या टोकावर घ्यायचं. थोडं जास्त झालं तर प्लास्टिकच विरघळतं आणि जोडावर फोड येतो. दोन अर्धे एकमेकांवर बसवून आव्वाचे, म्हणजे चन्नबसम्माचे, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी चिमटे काढले की सांधा कुठं आहे ते शोधून सापडायचं नाही. इंजिनात कोळसा टाकणारे हैदराबादकडचे एक फायरमन समोरच राहायचे. ते विमान डोळ्याजवळ नेऊन म्हणाले, "क्या बनाया रे मियाँ, उड़ताईच क्या अब?"

मग रंगवायचं आलं. स्टेशनरोडच्या पेंटरकडून ऑईलपेंट औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून आणला होता. डब्यावरच्या चित्रात हिरव्या-मातकट ढगांसारखे पट्टे होते. लिंगूनं दुपारभर मान मोडून रंगवलं आणि सिद्धम्माला हाक मारली.

"आक्का, बग. दोनी पंख सारखे झाले का?"

तिनं बघितलं. डावा पंख सगळा हिरवा. उजवा सगळा मातीसारखा तांबूस. तिला हसूच फुटलं. वाटलं, पोरगं गंमत करायलंय. ती हसत राहिली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिचं हसू थांबलं.

तिनं परसातल्या झाडाच्या दोन मिरच्या आणल्या, एक पिकलेली, एक कच्ची. "यातली लाल कोणती?"

लिंगूनं दोन्ही चाचपल्या. वास घेतला. एक उचलली, ठेवली. मग हळूच म्हणाला, "आप्पाला सांगू नको."

त्या दिवसापासून विमानांचे रंग सिद्धम्माचे झाले. लिंगूनं जोडायचं, घासायचं, तिनं रंगवायचं. आप्पा ड्युटीवर असले की दोघं मागच्या खोलीत बसायचे. बारीक काम तिला जमायचं. दोन रंग भेटतात तिथली रेघ ती श्वास धरून ओढायची. डब्यांवर सगळी परदेशी चिन्हं असायची, म्हणून आपल्या हवाई दलाची चक्रं ती पातळ कागदावर रंगवून कापायची आणि डिंकानं पंखावर डकवायची. बाहेरून केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. बाटल्यांवर नावं मात्र तिनं कधी लिहिली नाहीत. हिरव्या रंगाच्या बाटलीवर 'हिरवा' कशाला लिहायचं, असं आप्पांनी विचारलं असतं तर काय सांगायचं? त्यापेक्षा ती होतीच की बसलेली.

विमानं वाढली. गणपतीत रेल्वे इन्स्टिट्यूटच्या आराशीत मांडायला मागून नेली. बायनाबाई गालावर बोट ठेवून म्हणायच्या, "आगं बया, पोराचा हात हाय का मिशीन! आन् रंग कसा दिलाय बाई, लुगड्याचा काठच जनू!" आप्पा मिशीवरून हात फिरवत. "आमचा लिंगू हवाई दलात जानार. म्या गाडीच्या मागं बसलो, त्यो इमानाच्या फुडं बसंल!" सिद्धम्मा पाणी आणून द्यायची. तिच्या बोटाच्या पेरावर हिरवा ठिपका असायचा. तिकडं कुणाचं लक्ष जायचं नाही.

बारावी झाली आणि लिंगू औरंगाबादला भरतीला गेला. धावला, पेपर दिला, सगळ्यात पास. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं परत आला तेव्हा आप्पा फलाटावरच उभे होते.

"काय झालं?"

"छाती भरली न्हाई."

परसात कपडे वाळत घालताना त्यानं सिद्धम्माला खरं सांगितलं. "ठिपक्याचं पुस्तक व्हतं आक्का. ठिपक्यात आकडा असतोय म्हनं. माझ्या फुडच्या पोरानं धडाधडा वाचला. मला निस्ते ठिपकेच."

"मग आप्पाला सांग की."

"सांगतो. जरा दमानं."

"फुडच्या भरतीच्या आदी सांग. न्हाईतर मी सांगते."

आणि इकडं आप्पांनी छातीची मोहीम काढली. भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, म्हशीचं दूध, जोर, बैठका. सकाळी लिंगपूजा झाली, कपाळावर विभूती ओढली की शिंप्याकडची टेप घेऊन अंगणात उभे. "श्वास घे. घेऽ. आजून घे. धर! धर! आरं सोडलास कामून?" पोराचा चेहरा वांग्यासारखा व्हायचा. कॉलनी दात घासत घासत तमाशा बघायची. बायनाबाई कुंपणावरून म्हणायच्या, "गार्डसायेब, लेकराला फुगा करायलाव का काय?"

"छातीच नडली बाई! बाकी पोरगं खरं सोनं हाय!"

सिद्धम्मा चुलीपुढं बसून ऐकायची. नसलेल्या दुखण्यावर रोज औषध चाललंय आणि देणारा इतका खूष, की त्याच्या हातातला चमचा कोण काढून घेणार?

त्यातच तिचं जमलं. मानवतचं स्थळ, कापसाच्या अडतीचं घर, आपल्यातलंच. लग्नाच्या आधी एकदा धीर करून ती आप्पांसमोर उभी राहिली. ते हळदीच्या मांडवाला बांबू मोजत होते.

"आप्पा, लिंगूचं येक सांगायचं व्हतं."

"छातीचं ना? आगं, भरत आली! बोटभर ऱ्हायली!" आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू फिकीर करू नको. तू सुखानं जा. त्याचं म्या बगतो."

तिनं खाली वाकून बांबूचं दुसरं टोक धरलं.

जायच्या आधी तिनं लिंगूचं नवं मिग विमान रंगवून पुरं केलं, चक्रं डकवली. बाटल्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि बोट ठेवून ठेवून सांगितलं, "दाराकडून हिरवा. मग मातकट. मग केशरी. मग पांढरा. ओळ मोडू नको." लिंगूनं मान हलवली. दोघांनीही आप्पांचं नाव काढलं नाही.

आप्पांनी त्या मिगवरून एक बेत आखला होता. तो ते कॉलनीभर सांगत सुटले. "ह्या बारीला म्या सोता जानार. सायबाच्या टेबलावर इमान ठिवनार. सायेब म्हनंल छाती कमी हाय. म्या म्हननार, सायेब, छाती मरू द्या, पोराचा हात बगा!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा मांडली. गार्डाच्या घरातली आयुधं म्हणजे हातबत्ती, शिट्टी, लाल-हिरवे झेंडे. चन्नबसम्मानं त्यांच्या पंगतीला लिंगूचं मिग घेतलं. लेक लढाईला जाणार, तर त्याचं आयुध नको? पण पारोसं कसं ठेवायचं पूजेला? तिनं विमानाला ऊन पाण्यानं, शिकेकाईनं आंघोळ घातली. डिंक सुटला. चक्रं पाण्यात तरंगली आणि तिच्या बोटांत लगदा झाला. "येवढं कुठं काय बिगडलं," ती लिंगूला म्हणाली. "दुसरी कर की. तुझ्या हातचा तर खेळ हाय." दसऱ्याच्या झाडझुडीत फळीही तिनंच पुसली होती. बाटल्या पुन्हा लावल्या, त्या उंचीप्रमाणं.

भरती दोन दिवसांवर आणि चक्रं नव्यानं रंगवायची. आव्वाला विचारावं तर सगळंच सांगावं लागलं असतं. लिंगू फळीसमोर किती वेळ उभा होता ते तिनं पाहिलं होतं. तिला वाटलं, पोरगं देवाचं नाव घेतंय.

सिद्धम्माला हे सगळं नंतर कळलं. तिला आधी दिसले ते भरतीवरून परतणारे आप्पा. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एसटी नव्हती, टांगेसुद्धा नव्हते. मानवत रोड स्टेशनवरून ते चालत गावात आले होते. अंगावर गार्डाचा पांढरा ड्रेस, गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला. सासऱ्यांनी "या पावनं" म्हणून घोंगडी टाकली, सासूबाईंनी चहा ठेवला. आप्पा बसले. बशी समोर तशीच निवली. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की सिद्धम्माला पुढं वाकावं लागलं.

"ड्रेस घालून गेलो व्हतो. दारावरच्या शिपायानं सलाम मारून आत सोडलं. इमान टेबलावर ठिवलं. सायेब म्हनला, ये किसने पेंट किया? म्या म्हनलं, माझ्या पोरानं, येकट्यानं." त्यांनी बशी जरा बाजूला सरकवली. "सायबानं ह्या पंखाकडून बगितलं. त्या पंखाकडून बगितलं. येका चक्रात हिरवा मधी, दुसऱ्यात केशरी मधी. सायेब हसला न्हाई. हसला आसता तर बरं झालं आसतं. मला म्हनला, गार्डसाब, आपको मालूम नहीं था?"

सिद्धम्मा पदराचं टोक पिळत राहिली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय आप्पा."

"कवापासून?"

"पयल्या इमानापासून."

आप्पांनी मान हलवली. बाहेर ओट्यावर कुणी तरी कापसाच्या भावावरून वाद घालत होतं. ते ऐकल्यासारखं करत बसले. मग म्हणाले, "जल्मभर हातात दोन झेंडे धरले म्या. लाल कोनता, हिरवा कोनता, झोपेत उठवलं तरी सांगंन. आन् माझ्या घरात..." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, बाजारात कुणी ओळखीचं वाटावं तसं. "म्हंजी ती समदी इमानं तू रंगवली?"

"लिंगूनं केली आप्पा. मी निस्ता रंग."

"आन् म्या गणपतीत उभा ऱ्हाऊन लोकाला काय काय सांगितलं. तू तितंच पानी वाटत व्हतीस."

तिला रडू फुटलं. सासर होतं, आवाज करता येत नव्हता.

"लिंगू कुटं हाय आप्पा?"

"गाडीतच बसला. म्हनलं उतर, आक्काकडं जाऊ. खिडकीकडं तोंड करून बसला. गाडी सुटली तरी हिकडं बगितलं न्हाई." आप्पा उठले. चहा तसाच. दारात म्हणाले, "तू सांगितलं आसतंस तर म्या मारलं आसतं का गं त्याला?"

आप्पांनी मारलं नसतं, हे तिला कायमच माहीत होतं.

पुढच्या नागपंचमीला ती माहेरी गेली. घरात हाका उरल्या नव्हत्या. आप्पा रिटायर झाले होते; पाणी हवं असलं की ते स्वतः उठून घेत. टेप शिंप्याकडे परत गेली होती. लिंगू स्टेशनावर पेपर विकायला लागला होता. बायनाबाईसुद्धा कुंपणापाशी येऊन नुसतं "आलीस का बाई" म्हणाल्या आणि गेल्या.

मागच्या खोलीत टेबलावर एक विमान होतं. आप्पा रिटायर व्हायच्या आधी एकदा सिकंदराबादला गेले होते, तेव्हा काही न बोलता डबा आणून ठेवला होता. लिंगूनं तो बरेच दिवस उघडला नाही आणि मग एका सुट्टीत उघडला. सांधा कुठं दिसत नव्हता. आरपार राखाडी, रंगाचा थेंबही नाही.

सिद्धम्मानं बाटल्या काढल्या. केशरी वाळून खडा झाला होता. हिरव्यावर साय धरली होती, ती तिनं काडीनं फोडली. खाली ओला होता. ब्रश धुतला, बसली, विमान ओढून घेतलं.

लिंगू दारात आला. पेपरांचा गठ्ठा काखेत होता.

"आक्का, ऱ्हाऊ दे."

"आरं, हिरवा चांगला हाय. केशरी आनू की पेंटरकडून."

"नको." त्यानं विमान तिच्या हातातून घेतलं. ओढून नाही, हलकेच घेतलं. उजेडाला धरून पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तू रंगवलीस ती समदे छान म्हनायचे. मला त्यातलं अर्दं दिसायचंच न्हाई. हे असं हाय ना, हे मला पुरं दिसतंय."

ब्रशवरचा हिरवा रंग तिच्या नव्या पातळावर ठिबकला. लिंगूला तो दिसला नाही. तिनंही त्याला सांगितलं नाही. ती उठून मोरीवर गेली आणि काठ घासत बसली.