जानेवारीत बंद असलेला समुद्र

"ही बाई गेस्टना समुद्रावर जाऊच देत नाही," आमचा टीम लीड डेक्लन म्हणाला. "वाटेत खुर्ची टाकून बसते. मांडीवर बाटली. फोटो बघ."

मी फोटो बघितला. नारळाच्या झाडांमधून समुद्राकडे जाणारी वाळूची पायवाट. वाटेच्या तोंडाशी प्लास्टिकची पांढरी खुर्ची. तीत साठीच्या आसपासची, भल्यामोठ्या टोपीतली बाई. मांडीवर दोन लिटरची बाटली, आत पाण्यासारखं काहीतरी. खाली एका गेस्टने लिहिलं होतं: "मालकीण दुपारपासून जिन पीत बसते आणि पाहुण्यांवर ओरडते. वेबसाइटवर लिहिलेला समुद्र आम्हाला मिळाला नाही."

आमचं ऑफिस डब्लिनला, सँट्रीत. एअरपोर्ट इतका जवळ की मीटिंगमध्ये विमानांची पोटं दिसतात. आम्ही जगभरची छोटी हॉटेलं एका वेबसाइटवर आणतो. मी टेस्टर आहे. म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या हाती पडण्याआधी ते कुठे चुकतंय हे शोधायचं आणि सगळं ठीक असेल तर "पास" म्हणून सही करायची. सासरी मला चोंबडी म्हणतात. इथे त्याच गुणाचा पगार मिळतो.

हे मोटेल उत्तर ऑस्ट्रेलियातलं. केर्न्सच्या उत्तरेला समुद्राला लागून उपनगरांची एक माळ आहे, त्यातल्या एका शांत उपनगरात. खोल्या आठ. मालकीण ग्लेनिस. आमचा नियम असा: "दिशाभूल झाली" अशा तीन तक्रारी आल्या की त्या हॉटेलचं पान वेबसाइटवरून उतरतं. त्याआधी एक टेस्टर खात्री करतो. तक्रारी खऱ्या बुकिंगच्या आहेत ना, तीन वेगळ्या माणसांच्या आहेत ना, एवढं तपासायचं आणि बटण दाबायचं. ग्लेनिसच्या तीन भरल्या होत्या. मुदत शुक्रवारी पाचची. त्या दिवशी मंगळवार होता.

"युअर मॅन फ्रॉम ट्रस्ट म्हणतोय, सरळ केस आहे," डेक्लन म्हणाला. तक्रारी बघणाऱ्या टीमच्या माणसाचं नाव त्याला कधीच आठवत नाही. "टिक कर, की झालं, ग्रँड."

मी टिक करणारच होते. पण त्या खुर्चीने मला धरून ठेवलं. हॉटेलवाला गेस्टला समुद्र दाखवायला मरतो. ही बाई स्वतःच्याच गेस्टना समुद्रापासून अडवते, तेही भर उन्हात बसून. का? चोंबड्या माणसाला यापुढे काही सुचत नाही.

बुधवारी मी लवकर ऑफिसला गेले. डब्लिनचे पावणेआठ म्हणजे तिकडचे संध्याकाळचे पावणेसहा. बाहेर काळोख होता, गाड्यांच्या काचांवर बर्फ. मी फोन लावला.

"तू माणूस आहेस का?" ग्लेनिसने पहिलाच प्रश्न विचारला.

"हो. मंजिरी. टेस्टिंगमध्ये आहे."

"तुमच्या फॉर्मवर मी अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' आलं."

मी माफी मागितली आणि सरळ विचारलं, "तुम्ही गेस्टना समुद्रावर का जाऊ देत नाही?"

ती म्हणाली, "बाळा, जानेवारी आहे. पाण्यात जेलीफिश आहेत."

मला वाटलं, आमच्या अलिबागला येतात तसे असतील, खाज सुटते, खोबरेल लावलं की झालं. ग्लेनिसने माझा समज दोन मिनिटांत मोडला. तिकडे नोव्हेंबर ते मे या काळात किनाऱ्याच्या पाण्यात जे जेलीफिश असतात, त्यांतल्या काहींच्या डंखाने माणूस हॉस्पिटलात जातो, काही वेळा वाचतही नाही. एक जात तर अंगठ्याच्या नखाएवढी. म्हणून या महिन्यांत बीचवर पाण्यात जाळं लावतात आणि लोक जाळ्याच्या आत पोहतात. त्या आठवड्यात वादळाचा इशारा होता, म्हणून जाळं काढून ठेवलेलं.

"आणि बाटली?"

"व्हिनेगर! डंख झाला तर पहिलं तेच ओततात. बीचवर खांबाला अडकवलेलं असतं, पण कोणीतरी उचलून नेलं. म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरातलं आणून बसते." मग जरा चढ्या आवाजात म्हणाली, "मी जिनला हात लावत नाही. तसं लिहिणाऱ्या माणसाची मुलगी गुडघाभर पाण्यात गेली होती. मी धावत जाऊन ओढून आणली. ओरडलेच. ओरडू नको तर काय करू?"

मलाही एक मुलगी आहे, इरा, आठ वर्षांची.

मग ग्लेनिस सुटलीच. कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर माणूस सुटतो. तिच्याकडे जून ते ऑक्टोबर खरा सीझन. आभाळ कोरडं, पाणी आरशासारखं, मेलबर्नचे थंडीला कंटाळलेले लोक महिना महिना मुक्काम ठोकतात. रविवारी बाजार भरतो, संध्याकाळी अख्खं उपनगर कुत्री घेऊन किनाऱ्यावर. डिसेंबर लागला की ढग, घाम आणि आंबे. गावातले लोक समुद्राकडे फक्त बघतात आणि स्विमिंग पूलमध्ये डुंबतात. खाडीच्या तोंडाशी मगरीची पाटी असते, तिकडे तर बाराही महिने कोणी जात नाही. नगरपालिकेची माणसं शिडी लावून नारळ उतरवतात, टुरिस्टच्या डोक्यात पडू नयेत म्हणून.

"नारळाची एवढी काळजी," मी म्हटलं, "मग जेलीफिशची माहिती गेस्टना का नसते?"

"गावभर पाट्या आहेत. पण तुमच्या पानावर बरोबर उलटं लिहिलंय. माणसं पाटीपेक्षा फोनवर विश्वास ठेवतात."

मी पान उघडलं. ग्लेनिसच्या मोटेलच्या नावाखाली हिरवा बॅज होता, म्हणजे आमच्या वेबसाइटचा छोटा शिक्का: "या दिवसांत समुद्रात पोहण्यासाठी उत्तम." वर जुलैमधल्या निळ्याशार पाण्याचा फोटो.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी? मी फॉर्ममध्ये विंटर भरलं होतं. माझा विंटर. जून-जुलै."

फोन ठेवला आणि मी शोधायला बसले. बॅज हे दोन वर्षांपूर्वीचं फीचर. मालकाला प्रश्न येतो: समुद्रात कोणत्या सीझनमध्ये पोहता येतं? पर्याय चार: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑस्ट्रेलियात डिसेंबरात समर असतो हे आम्हाला माहीत होतं, तेवढे हुशार आम्ही होतो. त्या उलटापालटीचा आम्हाला अभिमानच होता. ग्लेनिसने विंटर निवडलं. नोंद बरोबर होती.

पण त्यापुढे एक नियम बसवलेला होता. सुरुवातीला तिकडच्या काही मालकांनी युरोपच्या हिशोबाने डिसेंबरला विंटर म्हटलं होतं. म्हणून कोणीतरी ठरवलं, "समुद्रात पोहणे" आणि "विंटर" अशी जोडी आली की मालक गोंधळलाय असं समजायचं आणि गुपचूप समर करायचं. मालकाला कळवायचंही नाही, उगाच ईमेल कशाला.

मग मी या नियमाच्या टेस्टिंगची जुनी नोंद उघडली. हॉटेल: ऑस्ट्रेलिया. ॲक्टिव्हिटी: समुद्रात पोहणे. मालकाचं उत्तर: विंटर. अपेक्षित निकाल: समर. पास. खाली सही माझी.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मी अलिबागची. आमच्याकडे पाऊस लागला की समुद्रात पाऊल टाकायची बंदी. होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत वाळूवर पालथ्या. हवा गरम, पाणी गरम, सुट्टीही असायची, तरी जायचं नाही म्हणजे नाही. हवेचा आणि पोहण्याचा संबंध नसतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मी वाढले ते तीन ऋतूंत. आणि ज्या स्क्रीनवर पावसाळाच नाही, त्या स्क्रीनवर मी सही करून मोकळी झाले. चार पर्याय दिसले, मी चार तपासले. पाचवा का नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. लाज वाटली, खरंच सांगते.

घरी जेवताना मी इराला विचारलं, "ऋतू किती असतात गं?"

"फोर, मॅमी," इरा तिच्या डब्लिनच्या हेलात म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर कधी मराठीत येत नाही. "अँड स्प्रिंग स्टार्ट्स ऑन द फर्स्ट ऑफ फेब्रुवारी."

"एक फेब्रुवारी? अगं, तेव्हा गाडीची काच खरवडावी लागते."

"टीचर सेड."

मी फोनवर शोधलं. बाई बरोबर होत्या. इथे शाळेत जुन्या आयरिश हिशोबाने तसंच शिकवतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंग एक मार्चला सुरू होतो. म्हणजे सहा मैलांवरची शाळा आणि आमचं ऑफिस यांचाही ऋतू एक नव्हता, आणि आम्ही निघालो होतो ऑस्ट्रेलियाचा ठरवायला.

गुरुवारी सकाळी मी डेक्लनला गाठलं. सगळं सांगितलं. त्याने कपाळ चोळलं.

"ओके. बग आहे. तिकीट टाक, पुढच्या महिन्यात घेऊ." तिकीट म्हणजे कामाच्या यादीतली नोंद.

"उद्या पाच वाजता तिचं पान उतरतंय. आणि बॅज आत्ता, या क्षणी, लोक वाचतायत."

"मंजिरी, तीन तक्रारी आहेत. नियम आहे."

"तक्रारी आपल्या बॅजबद्दल आहेत. बॅज तिने लावलाच नाही."

"पण विंटरमध्ये समुद्रात पोहता येतं असं कोण लिहिणार? नियम लॉजिकल होता."

मी विचारलं, "तू रविवारी सकाळी कुठे होतास?"

"पोहायला. नेहमीप्रमाणे."

"कुठे?"

"समुद्रात," तो म्हणाला आणि थांबला. डेक्लन दर रविवारी, हिमवर्षाव असला तरी, समुद्रात उडी मारतो आणि सोमवारी सगळ्या टीमला त्याचं वर्णन ऐकवतो. त्याचे कान लाल झाले. "ओह, जीझस."

"आपण सगळेच," मी म्हटलं. "सही माझी आहे. रिपोर्टमध्ये तसंच लिही."

माझ्या सहीचा मुद्दा त्याने वाढवला नाही. तो चांगला माणूस आहे, फक्त घाईत असतो. दुपारी बॅज सगळीकडून काढला, गुपचूप बदल करणारा नियम बंद केला. ग्लेनिसच्या तीन तक्रारी आमच्या खात्यावर वळवल्या. पान राहिलं. फॉर्मही बदलायचं ठरलं. आता ऋतू विचारत नाही, महिन्यांचे बारा चौकोन देतो आणि मालकाने जे भरलं त्याला हात लावत नाही.

शुक्रवारी ग्लेनिसला फोन केला. ती आभार वगैरे मानेल असं मला उगाच वाटलं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"या किनाऱ्यावर मी एकटीच राहते का? ज्यांचं उत्तर तुम्ही बदललंत ते बाकीचे."

मी यादी काढली. अडतीस. डेक्लन म्हणाला, सगळ्यांना एक ईमेल टाकू. मी म्हटलं, फोन करते. दोन आठवडे रोज सकाळी साडेसात ते नऊ मी फोन करत होते. माणसं मजेत बोलली. एकाने मला कासव अंडी कुठे घालतात ते सांगितलं, एकीने मँगो चटणीची कृती विचारली, मी आईची दिली. बहुतेकांनी पहिल्याच वेळी बरोबर उत्तर भरलं होतं. त्यांना त्यांचा समुद्र माहीत होता.

सदतिसावा नंबर लागला नाही. ईमेलही परत आला. पान वेबसाइटवर नव्हतं. मी जुनी नोंद उघडली. नवरा-बायकोने चालवलेलं पाच खोल्यांचं गेस्ट हाउस, गेल्या मोसमात उतरवलेलं. तक्रारी तीन. "समुद्राबद्दल दिशाभूल." तीनही जानेवारीतल्या.

मी ग्लेनिसला विचारलं. ती त्यांना ओळखत होती.

"पीटर आणि सू? गेले ते. वर्ष झालं. बुकिंग एकदम थांबलं, पान का उतरवलं ते त्यांना कधी कळलं नाही. जागा विकून सूच्या बहिणीकडे राहायला गेले. सू विचारायची, आपलं काय चुकलं?"

मी ग्लेनिसकडून सूचा नंबर घेतला. त्याच दिवशी फोन केला आणि जे झालं ते सांगितलं, माझ्या सहीसकट. ती म्हणाली, "म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. तिने पीटरला हाक मारली आणि फोन त्याच्याकडे दिला, त्यालाही एकदा सांग म्हणून.

आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक तिकिटावर किती वेळ गेला याची नोंद राहते. पीटर आणि सूचं पान उतरवण्याआधी खात्री करणारी टेस्टर मीच होते. वेळ: चार मिनिटं. आता कोणाचं उत्तर विचित्र वाटलं की मी आधी फोन लावते. तोही साधारण तेवढाच वेळ घेतो.