अर्धा कोयता

उसाच्या पाचटाचा वास आला की शिरूरची ती नववीची खोली आठवते. सरांनी संचाचं उदाहरण विचारलं होतं. माझ्या बाकावरची मैत्रीण उठून म्हणाली, “कोयता, सर. ऊसतोडीला नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरत्यात.” सरांनी हसत महिरपी कंसात दोघांना लिहिलं. “आन गडी एकटाच असला तर?” त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं. “मंग अर्धा कोयता.” “संच अर्धा नसतो गं.” “मुकादमाकडं असतो की, सर.” सगळा वर्ग हसला. दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न लावलं, अर्धा कोयता म्हणून राबणाऱ्या आतेभावाशी. उसाच्या फडात गेलेली ती बाकावर परत आलीच नाही. आता मीच संच शिकवते. मुलींना मात्र उदाहरणं विचारत नाही. सगळी मीच सांगते.