लाकडी पायाचा नाच

मल्हारी माणसाच्या तोंडाकडे पाहायच्या आधी पायांकडे पाहतो. पेन्सिल डाव्या कानावर ठेवतो आणि उजव्या कानावर शोधतो. चहा बशीत ओततो, बशी हलवतो, उठलेल्या लाटा पाहतो, मग पितो. लाइट गेली की बोलता बोलता थांबतो आणि लाइट आली की तेच वाक्य पुढे नेतो. काम अर्धं असलं तरी ‘झालंच’ म्हणतो.

सेनगावात पुनमचंदशेठांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात तो कॉम्प्युटरवर बसतो. शेठ दुपारी जेवायला गेले की तासभर कॉम्प्युटर त्याचा. दोन हजार पाच साली, पावसाळा सरल्यावर, त्या तासात त्यानं एक कार्टून करायला घेतलं. विषय, समुद्रावरचे दरोडेखोर. मल्हारी गोरेगावच्या मेंढपाळाचा मुलगा. समुद्र त्यानं पाहिला नव्हता. मीही नाही.

चित्रं तो चुकलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूला काढायचा. दहा-बारा चित्रं काढावीत तेव्हा माणूस सेकंदभर हलतो. स्कॅनरमध्ये मागची छपाई फिकट उमटायची. त्यामुळे जहाजावरच्या आकाशात ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ अशी उलटी अक्षरं तरंगत. मी म्हणालो, पुसून टाक. तो म्हणाला, राहू दे, दरोडेखोरांना कोण बोलावतं एरवी?

मी त्याच दुकानात पत्रिकांचा मजकूर तपासतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला, म्हणून गोष्ट माझ्याकडे दिली. मी पाच पानं लिहिली. त्यात कप्तानाचं बालपणही होतं. मल्हारीनं सगळं शांतपणे वाचलं आणि एक ओळ ठेवली. लुटायला येतात, नाचून जातात. व्यापाऱ्याच्या जहाजावर ढोल वाजत असतो. लाकडी पायाचा कप्तान तलवार घेऊन उडी मारतो. पाय नेमका ठेक्यात पडतो. मग दोन्हीकडचे लोक नाचतात आणि लूट राहून जाते. निघताना गडबडीत डोक्यावरचे पटके तेवढे अदलाबदल होतात.

कप्तानाला लाकडी पाय कशासाठी, हे मला मल्हारीच्या आईकडून, चंद्रभागाबाईंकडून कळलं. मल्हारीचे वडील प्रभूआबा खंडोबाच्या जत्रेत ढोलापुढे पहिले नाचायचे. पंच्याण्णव साली गुडघा बैलगाडीखाली सापडला. तेव्हापासून पाय वाकत नाही. जत्रेत ढोल लागला की आबा रिंगणाकडे पाठ करून बसतात. भाकरी उलटता उलटता त्या म्हणाल्या, “पोराला त्येंचं तोंड एकदा इकडं फिरवायचंय. त्याच्यासाठी चाललंय समदं.”

मल्हारी हे कधी बोलला नव्हता.

जत्रेला पंधरा दिवस होते. आबा मेंढ्यांचं औषध न्यायला सेनगावला आले. गोरेगावची जीप अजून भरायची होती. शेठ जेवायला गेले होते. मल्हारीनं वडलांना खुर्ची दिली, कार्टून लावलं आणि स्वतः पत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसला. बांधलेले गठ्ठेच पुन्हा बांधत होता.

आबांनी आधी समुद्र पाहिला. बराच वेळ पाहिला.

“ही आपली मेंढरं व्हय रे?”

लाटा खरंच तशा होत्या. पाठी वर-खाली होत होत्या आणि मागची पुढचीला ढकलत होती. आबा हसले. मग कप्तान नाचायला लागला आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची दाराकडे फिरवली. बाहेर जीप अर्धी रिकामी होती. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची परत वळवली आणि पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्यांदा ते फक्त कप्तानाच्या पायांकडे पाहत होते. ही सवय कुणाची, ते मला तेव्हा कळलं.

“मल्हाऱ्या, ह्यो पडंल.”

“काहून, आबा?”

“लाकडाचा पाय आधी टाकून राहिला. त्याचा काय भरोसा? आधी चांगला टाकायचा बराबर. मंग दुसऱ्याला मागून आणायचं, रुसलेल्या पाव्हण्यावानी.”

मल्हारी म्हणाला की नुसतं ऐकून त्याला ते काढता यायचं नाही.

आबा उठले. कटिंग मशीनला धरून उभे राहिले. चांगला पाय टाकला. न वाकणारा पाय मागून अर्धा गोल फिरत आला आणि जागेवर पडला. मग त्यांनी मशीन सोडलं. शिरड शहापूरचे तातेराव मुलीच्या पत्रिका न्यायला आले होते. त्यांनी काउंटरवर बोटांनी ठेका धरला. लाइट गेली. या वेळी मल्हारी थांबला नाही. दारातल्या उजेडात तो एकामागून एक पत्रिका ओढून पाय काढत होता. बाहेर जीप भरली, दोनदा हॉर्न वाजला, जीप गेली. आबांनी मान वळवली नाही.

मी चहाची बशी धरून उभा होतो. बशीत लाटा होत्या.

जत्रेत आबा रिंगणात उतरले. दोनच फेऱ्या घेतल्या. ढोलाचा ठेका त्यांना पसंत पडला नाही, म्हणून भर रिंगणात त्यांनी ढोल मल्हारीच्या गळ्यात घातला. म्हणाले, माझ्या पायाकडं बघून वाजव. चंद्रभागाबाई सांगतात, म्हातारं आता पाणी प्यायला उठलं तरी तसंच चालतं.

कप्तान मल्हारीनं नव्यानं काढायला घेतला होता. चांगला पाय टाकून झाला. लाकडी पाय अर्धा गोल फिरून वर आला. तो खाली टेकायची नऊ चित्रं तेवढी राहिली आहेत. पण दुपारच्या त्या तासात तो आता टेबलावर ढोलाचा हात बसवतो. वर्ष होत आलं. नऊ कोऱ्या पत्रिका रबर लावून स्कॅनरवर ठेवलेल्या आहेत. मी विचारलं की म्हणतो, झालंच.