काठीमास्तरांचे भालेसर झाले तेव्हा

भाला सरांच्या बरगडीखाली शिरला तेव्हा मी त्यांच्या पायाशी पालथी पडले होते. घागर लवंडून पाणी मातीत जिरत होतं आणि हलगी अजून वाजतच होती, कारण हलगीवाल्याचं तोंड पलीकडे होतं. सर आडवे पडले नाहीत. दोन्ही गुडघ्यांवर बसले. भाल्याला हात न लावता गळ्यातली शिट्टी तोंडात धरायला बघत होते. शिट्टी वाजली नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पल्लवी उभी होती. भाला फेकलेला हात तिनं अजून खाली घेतला नव्हता.

सर आमच्या हायस्कुलात खेळ शिकवायचे. गाव प्रवरेच्या काठी, संगमनेरपासून अर्ध्या तासावर. मी शाळेच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये पोरांची खिचडी शिजवायचे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण शेडच्या दारातून अख्खं मैदान दिसायचं. नऊ वर्षं रोज बघितल्यावर भालाफेकीतलं मला गावातल्या शिकलेल्यांपेक्षा जास्त कळत होतं. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढे जे घडलं त्यासाठी सांगते.

गाव त्यांना काठीमास्तर म्हणायचं. शाळेकडे भाला एकच होता आणि तोही वाकलेला, म्हणून ते पोरांना कळकाच्या काठ्या फेकायला लावायचे. चारच पोरं यायची, त्यांत पल्लवी एकटी मुलगी. तिचा बाप दूध घालायला डेअरीत जाताना गाडी थांबवून विचारायचा, "मास्तर, पोरीला मावळ्यांत भरती करताय का काय?" सर म्हणायचे, "भरती झाली की तुमालाच पहिली बातमी देतो." गाडी पुढे गेली की पुन्हा शिट्टी.

त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांत सूट नव्हती. सगळ्यांचं फेकून झाल्याशिवाय कुणी आणायला जायचं नाही. आणायला चालत जायचं, पळायचं नाही. "टोकाला सगळेच भितात," ते म्हणायचे, "शेपूटबी डोळा काढतं." काठी चालताना उभी धरायची. ठेवताना जमिनीत रोवून उभी ठेवायची. "उभी काठी माणसाला दिसती. आडवी दिसत न्हाई." एकदा एका पोरानं काठी खांद्यावर आडवी टाकली, तर सरांनी त्याला तासभर एका जागी काठी रोवून शेजारी उभं केलं. मारलं मात्र नाही. त्यांनी कुणाला मारलेलं मी बघितलं नाही, आणि मास्तर लोकांत हे मी कमी बघितलं आहे.

हे वेड कुठून, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की शिकत असताना सोबतच्या मुलाच्या पायातून भाला आरपार गेलेला त्यांनी बघितला होता. "रक्तापेक्षा आवाज ध्यानात ऱ्हायला, ताराबाई. कलिंगड कापल्यासारखा." मी म्हटलं, जेवायच्या वेळेला असलं सांगू नका. ते हसले, आणि खिचडीला आज मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

मग आपल्या देशाच्या एका पोरानं भालाफेकीत जगाचं सोनं जिंकलं. रस्त्यावरच्या हॉटेलात टीव्हीपुढे सगळं गाव उभं होतं. फटाके वाजले, पेढे वाटले. ज्यांना आदल्या दिवशी भाला कुठल्या बाजूनं धरतात हे ठाऊक नव्हतं, ते फेकीचे मीटर सांगू लागले. काठीमास्तरांना खांद्यावर घेतलं आणि त्या दिवसापासून ते भालेसर झाले. संध्याकाळी ते शेडपाशी आले. गुलाल कपाळावरून नाकावर उतरलेला.

"आता लई पोरं येतील, ताराबाई."

"मग बरं हाय की."

"बरं हाय. पन माझ्याकडं शिट्टी एकच हाय."

पुढच्या सोमवारी मैदानावर साठेक पोरं होती. क्रिकेटच्या बॅटी घरात पडल्या. पूर्वी टोमणे मारणारे बाप स्वतः पोरांना सोडायला येऊ लागले. पल्लवीच्या बापानं तर दूधवाल्यांकडून वर्गणी काढून पोरीला खरा भाला आणला आणि गाडीला बांधून गावभर फिरवला. संगमनेरच्या खेळाच्या दुकानातले भाले संपले, तशी पोरं लोहाराकडे गेली. त्यानं कळकाच्या काठ्यांना लोखंडी टोकं ठोकून दिली, कोयत्याला लावतो तसलीच धार लावून. सरांनी ती टोकं जप्त केली. दुसऱ्या दिवशी नवी आली.

मैदानावर एक वेळ जमत होतं. पण पोरं गल्लीत, बांधावर, उसाच्या रिकाम्या रानात फेकू लागली. एका म्हशीच्या पुठ्ठ्यात काठी शिरली. एक काठी माझ्या शेडचा पत्रा फाडून आत आली आणि पातेल्यापासून वीतभर लांब पडली. मी ती मोडून चुलीत घातली. पोरगा रडत सरांकडे गेला. सर येऊन चुलीत बघून म्हणाले, "चांगली जळतीय." पण त्यांचा चेहरा उतरला होता. पत्र्याच्या भोकात बोट घालून ते बराच वेळ उभे राहिले.

ते हेडमास्तरांकडे गेले, एक महिना बंद ठेवा म्हणाले, गट पाडून शिकवतो म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, पालक ऐकणार नाहीत. ग्रामपंचायतीत गेले, तिथे एक जण म्हणाला, "सर, सगळा देश नाचतोय आन् तुमी थांबा थांबा करताय." सगळे हसले. सरही हसले, कारण हसल्याशिवाय तिथून उठता येत नव्हतं. मला म्हणाले, "त्या पोरानं धा वर्सं घाम गाळला, ताराबाई. हेंनी टीव्हीवर फकस्त शेवटचं बघितलं."

जत्रा आली. आमच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा असतो. जत्रा कमिटीनं ठरवलं, यंदा कुस्त्यांच्या आधी भालाफेक. सरांनी नको म्हटलं. मग कमिटीवाले त्यांच्याशिवाय घेऊ म्हणाले, तेव्हा ते तयार झाले. आदल्या दिवशी त्यांनी एकट्यानं फक्की मारून रेषा आखल्या, दोर बांधले, आणि लोकांनी फक्त फेकणाऱ्याच्या मागे बसायचं असं भोंग्यावरून तीनदा सांगितलं.

पण आमचं गाव जन्मभर कुस्त्या बघत आलेलं. कुस्ती गोल बसून बघायची असते. लोक आले आणि आपोआप गोल बसले, भाला जिथे पडणार तिथेसुद्धा. सर हात जोडून एकेकाला उठवत फिरले. "आबा, मागं व्हा. पाया पडतो." आबा म्हणायचे, "अरे, मला कशाला लागतोय? मी काय पैलवान हाय का?" लोक उठले, मागे गेले. मग ऊन चढलं, लिंबाची सावली सरकली आणि सावलीबरोबर लोक पुन्हा पुढे आले. सर पुन्हा गेले. असं तीन वेळा झालं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज बसला होता.

पल्लवीची पाळी आली. सरांनी मैदान मोकळं आहे असं बघून, फेक म्हणून हिरवं निशाण खाली केलं. त्याच वेळी पलीकडून कुणीतरी हाक मारली, "मावशी, इकडं बी पानी आना की!" मी कडेला घागर घेऊन उभी होते. हगाम्यात एक जोड सुटली की मी अशीच आखाड्यातून सरळ पलीकडे जायचे. चाळीस वर्षं गेले होते. हलगी वाजत होती, ऊन डोळ्यावर होतं. मी दोराखालून वाकले आणि मधून चालू लागले.

शिट्टी झाली असेल. मला ऐकू आली नाही. मला दिसलं ते एवढंच, की कधी न पळणारा माणूस पळत येतोय. मला वाटलं, ओरडायला येताहेत. त्यांनी मला दोन्ही हातांनी ढकललं.

मग चार पैलवान धावले आणि एकानं भाला उपसला. तो उपसायचा नसतो, हे तिथं एकाच माणसाला माहीत होतं आणि त्याला बोलता येत नव्हतं. जीपमध्ये घातलं. संगमनेरच्या अलीकडेच संपलं.

पल्लवी माझ्या शेडमध्ये येऊन बसली. रडत नव्हती. म्हणाली, "मावशी, माझी दिशा चुकली का?"

"न्हाई. तू बरोबर फेकलास. मी मधी आले."

हेच मी पोलिसांना सांगितलं, हेच पंचायतीत. लोक म्हणाले, म्हातारी धक्क्यात आहे, नशिबाचा खेळ आहे. नशीब नव्हतं. नियम मला पाठ होते.

दोन महिने मैदान ओस होतं. पल्लवीच्या बापानं तो भाला विकला. मग सोनं जिंकलेल्या त्याच पोरानं परदेशात आणखी एक मोठी फेक केली, हॉटेलातल्या टीव्हीपुढे पुन्हा गर्दी झाली आणि दुसऱ्या दिवशी पोरं काठ्या घेऊन हजर. शाळेत खेळाला नवा माणूस अजून आलेला नाही. पोरं आपापली फेकतात आणि पळत आणायला जातात. मैदानाला सरांचं नाव दिलं आहे. पाटी चांगली आहे.

सर एक्कावन्न वर्षांचे होते. मी तेव्हा सत्तरीला टेकले होते. दोराच्या आत आम्ही दोघंच होतो, आणि जगले ती मी.