पीण्याची कुलूपपेटी

ऑफिसात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या औद्योगिक वसाहतीतून एक पेटी आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मेनफ्रेमवाली, म्हणजे बँका वापरतात त्या अवाढव्य कॉम्प्युटरांवर काम करणारी, त्यामुळे ऑफिसात आधीच पुराणवस्तू. दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही.

जे. पी. नगरहून मेट्रो न बदलता थेट पीण्या इंडस्ट्रीला पोचता येतं. तिकीट शंभराच्या आत, त्यामुळे टॅक्सीच्या फंदात पडू नका. स्टेशनबाहेर ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली आणि लेथ मशीनच्या खडखडाटातून रिक्षाने अण्णांच्या शेडवर गेले. अण्णा मूळचे बेळगावचे. एका बँकेच्या मेनफ्रेमवर नोकरी करून निवृत्त झाले, आता कारखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. बँक विलीन झाली तेव्हा भंगारात निघालेली ही पेटी त्यांनी उचलून आणली.

पेटी छोट्या फ्रिजएवढी आहे. पूर्वी माहिती सांकेतिक करायला अशी वेगळी पेटी मेनफ्रेमला केबलने जोडत. पुढे तिच्या जागी मेनफ्रेमच्या आत बसणारं कार्ड आलं, आता बरंच काम प्रोसेसरच उरकतो. तिची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो बॅटरीवर टिकतो आणि कुणी चोरू नये म्हणून झाकण उघडलं की क्षणात पुसला जातो. आम्हाला प्रदर्शनात पेटी उघडी हवी होती. अण्णांनी फोनवर होकार दिला होता, पण आता ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नुसते बसून राहिले.

"निम्मा आकडा माझा, निम्मा बसूचा," ते म्हणाले. "मी माझा टाकून भाईर यायचो, मग बसू आत जायचा. नियमच होता तसा. तीस वर्षं एका डब्यात जेवलो, पण एकमेकांस सांगितला नाही."

बसू म्हणजे त्यांचे बँकेतले सहकारी बसवराज. ते जाऊन चार वर्षं झाली. आकडा पुसला जाऊ नये म्हणून अण्णा अजून पेटीच्या बॅटऱ्या बदलत होते, एक काढताना दुसरी जागेवर ठेवून.

"ही शेवटची जोडी. पुढं मिळत नाहीत."

"मग राहू दे ना, अण्णा. मी सांगते ऑफिसात." मला खरंच वाईट वाटलं.

"नको अक्का. आपोआप जाण्यापेक्षा मी हाय तवर जाऊ दे. स्वल्प थांब."

त्यांनी झाकण उचललं. हिरवा दिवा विझला.

जरा वेळाने मी म्हटलं, "आता तुमचा निम्मा सांगायला काय हरकत आहे? पाठ असेलच."

"पाठ हाय की." ते पेटी पुसत राहिले. "पण बसूनं सांगितला काय?"

पेटी टेम्पोने ऑफिसला पाठवली. घरी येऊन तिच्याखालची पाटी लिहायला बसले. 'किल्ली पुसलेली आहे' असं लिहिलं. निम्मी अजून पीण्यात आहे, हे त्यात घातलं नाही. तुम्ही कधी अण्णांकडे गेलात तर ते चहा पाजतील. आकडा तेवढा विचारू नका.